तारीख नसलेली पावती

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल मी एका दुपारी काढून ठेवला. का काढला, हे मला धड सांगता येईना. "फार आवाज करतं," एवढंच म्हणाले. नवरा म्हणाला, "अगं, दहा वर्षं तोच आवाज करतंय." त्यानंतर जवळजवळ पाच महिने आमच्या भिंतीवर सव्वाचारच वाजलेले होते.

त्याआधी सात आठवडे मी ज्या रात्रीच्या बसमध्ये होते, ती उलटली होती. मला बाहेर काढेपर्यंत सुमारे चाळीस मिनिटं गेली. उजवा हात सीटखाली अडकलेला, मान वाकडी, मिट्ट काळोख, डिझेलचा वास. आणि एवढं सगळं मोडलं तरी बसचा इंडिकेटर मात्र चालूच राहिला होता. टिक, टिक, टिक. पुढे हाड जुळलं, टाके निघाले, सगळे म्हणाले, थोडक्यात वाचलीस. घड्याळाचा आणि इंडिकेटरचा संबंध माझ्या डोक्यात शिरायला मात्र बराच काळ लागला, आणि तोही एका वहीमुळे शिरला. अशा आघातानंतर मागे उरणाऱ्या त्रासासाठीची ती वही कशी लिहायची, आणि तिच्या आजूबाजूचं जे मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

मी हिशेब लिहिणारी बाई आहे, डॉक्टर नाही. उपचार मी घेतलेत, दिलेले नाहीत. तेव्हा हे वाचून उपचार टाळू नका. आणि स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर हे वाचणं इथेच थांबवा. घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा आणि आजच डॉक्टरांकडे किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. वही नंतरही लिहिता येते.

नाव काय, आणि ते कधी लावायचं

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांच्या थरथरण्याला 'शेल शॉक' म्हणत. 1915 मध्ये हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज ज्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक ताणाचा आजार, ते नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 1980 मध्ये आलं. मधली पासष्ट वर्षं लोकांना हे होतच होतं. त्याला भित्रेपणा म्हणत, नाजूक मन म्हणत, आणखीही काय काय म्हणत. आणि हे फक्त सैनिकांचं दुखणं नाही. अपघात, बलात्कार, मारहाण, आग, भूकंप, अवघड बाळंतपण, अतिदक्षता विभागातले दिवस, यांपैकी कशानंतरही ते येऊ शकतं.

पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं, हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. म्हणून महिना उलटायच्या आत हे नाव लावत नाहीत. महिन्यानंतरही त्रास टिकला आणि कामाधंद्यात, नात्यांत आडवा येऊ लागला, तर तपासून घ्यावं. काहींना पूर्ण त्रास सहा महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा उमटतो, त्यामुळे "एवढ्या दिवसांनी कसं काय?" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगातल्या सुमारे 70 टक्के लोकांवर आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो, आणि पीटीएसडी होतो तो एकूण लोकसंख्येच्या सुमारे 3.9 टक्क्यांना. म्हणजे प्रसंग येणं आणि आजार जडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या सीटवरचा माणूस महिन्याभरात ठणठणीत झाला, यावरून तुमच्याविषयी काहीच ठरत नाही.

लक्षणांचे चार गट मानतात. मी माझेच सांगते. पहिला, प्रसंग घुसून येणं: मला बस 'आठवत' नव्हती, ती घडत होती, जेवताना, अंघोळ करताना, केव्हाही. दुसरा, टाळणं: बस, रात्रीचा प्रवास, तो रस्ता, अपघाताच्या बातम्या, आणि शेवटी घड्याळ. तिसरा, विचार आणि भावना बदलणं: भाचीला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, पण आत काही हललं नाही, काचेपलीकडून बघितल्यासारखं. चौथा, शरीर सतत पहाऱ्यावर असणं: कुकरची शिट्टी झाली की धस्स व्हायचं, कुठेही गेले तरी दाराकडे तोंड करून बसायची, आणि एका आकड्याच्या चुकीवरून मी सहकाऱ्यावर एवढी ओरडले की आम्ही दोघीही गप्प झालो. ही चिडचीड हेही लक्षण आहे, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, मी वाईट झालेय.

आत काय बिघडतं

समुपदेशक मॅडमनी मला मेंदूचं चित्र काढून दाखवलं. बदामाएवढा एक भाग, अमिग्डाला, धोका दिसला की हाकाटी करतो. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग घटनेला जागा आणि वेळ जोडतो. कपाळामागचा भाग "थांब, नीट बघ" असं म्हणणारा. जिवावर बेतलेल्या क्षणी पहिला जोरात असतो आणि उरलेल्या दोघांचं नीट चालत नाही. मग वास, आवाज, अंगाची स्थिती हे सगळं पक्कं नोंदलं जातं, पण "हे अमुक दिवशी झालं आणि संपलं" ही नोंद कच्ची राहते.

मी म्हणाले, "म्हणजे तारीख नसलेली पावती."

माझ्या कामात अशी पावती सापडली की ती कुठल्या वर्षात धरायची हा प्रश्न पडतो, आणि निष्काळजी माणूस ती चालू वर्षात टाकून मोकळा होतो. माझा मेंदू तेच करत होता. टिकटिक ऐकली की जुनी पावती आजच्या खात्यात. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, मग आपलं काम तारीख घालण्याचं. पुढचे सगळे महिने आम्ही हा शब्द वापरला.

वही

साधी वही घ्या. मोबाइलमध्येही चालेल, पण माझा मोबाइल हातात आला की मी बातम्यांत शिरते, म्हणून कागद.

पहिले दोन आठवडे फक्त नोंद करायची, काही बदलायला जायचं नाही. जीव घाबरा झाला, एकदम राग आला किंवा अंग सुन्न पडलं, की शांत झाल्यावर त्याच दिवशी चार ओळी लिहायच्या. किती वाजले होते. त्याच्या आधीच्या मिनिटभरात काय ऐकू येत होतं, कसला वास होता, उजेड कसा होता, आपण कसे बसलो किंवा आडवे झालो होतो. शरीरानं काय केलं. आणि त्रास 0 ते 100 मध्ये किती. बस. मूळ प्रसंगाचं वर्णन या वहीत लिहायचं नाही. एकटं बसून रात्री ते लिहायला मी एकदा गेले होते, आणि दोन दिवस अंथरुणातून उठले नाही.

शरीराच्या स्थितीची ओळ लोक गाळतात. गाळू नका. माझ्या अकरा नोंदींपैकी चार वेळा मी मान डावीकडे वाकवून फोन खांद्याशी धरलेला होता. घड्याळ तीन वेळा. गॅसचा लायटर टकटक करून पेटेना तेव्हा एकदा. रस्त्यावर नारिंगी दिवा उघडझाप करत होता तेव्हा दोनदा. एक नोंद आजही सुटलेली नाही. यातलं काहीही बससारखं दिसत नाही, आणि नेमकं हेच लक्षात घ्यायचं आहे. मेंदू अर्थ बघत नाही, तुकडा जुळला की पुरे. "उगाचच झालं," असं आपण म्हणतो, ते उगाच नसतं.

मग पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'तेव्हा', उजवीकडे 'आत्ता'. एका वेळी एकच ट्रिगर, म्हणजे त्रास चेतवणारी गोष्ट, घ्यायचा. दोन्हीकडे आधी साम्य लिहायचं, मग फरक. माझं घड्याळाचं पान असं होतं:

तेव्हा: टिकटिक. अंधार. मान वाकडी. उजवा हात हलत नाही. डिझेल. अनोळखी माणसं ओरडतायत.

आत्ता: टिकटिक. ट्यूबलाइट. मी उभी आहे. उजव्या हाताची पाचही बोटं हलतात. साबणाचा वास. नवरा पेपर वाचतोय.

उजव्या रकान्यात युक्तिवाद लिहू नका. "आता मी सुरक्षित आहे", "घाबरण्यासारखं काही नाही" ही वाक्यं मी सुरुवातीला लिहिली होती, त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. जे बघता, हुंगता, चाचपता येतं तेच लिहा. आणि त्यातून एक कृती शोधा: तेव्हा जे करता येत नव्हतं आणि आत्ता येतं, असं काहीतरी. माझी कृती उजव्या हाताची बोटं उघडणं-मिटणं. कुणाची उठून चार पावलं चालणं असेल, कुणाची दार उघडून बाहेर बघणं, कुणाची मोठ्यानं "नाही" म्हणणं. ट्रिगर आला की ती करायची आणि मनात फरक म्हणायचा. दोन सेकंदांचं काम आहे. त्याचा परिणाम दिसायला मला तीनेक आठवडे लागले, कारण रोज करायचा मला कंटाळा यायचा.

पुढची पायरी मी मॅडमच्या खोलीत केली. त्यांनी तालयंत्र लावलं, हळू ठेक्यावर, आणि आम्ही मुद्दाम ती टिकटिक ऐकत फरक शोधत बसलो. पहिल्या दिवशी 85. पाचव्या खेपेला 30. किरकोळ ट्रिगर घरी असे सराव करून बोथट करता येतात. मूळ आठवणीच्या गाभ्याला मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय हात घालू नये.

झटका आला की

कधी कधी वहीपर्यंत पोचताच येत नाही, बसच अंगावर येते. तेव्हा डोळे उघडे ठेवा. सगळीकडे "डोळे मिटून शांत बसा" असं सांगतात. मी मिटले की काळोख, आणि काळोख म्हणजे बस. पाय जमिनीवर दाबा. मोठ्यानं वार, तारीख, साल आणि आपण कुठे आहोत ते बोला. गार पाण्याखाली मनगटं धरा. समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्या, रंगासकट. श्वासाचं म्हणाल तर आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांबवलं की धडधड कमी होते: चार आकडे आत, सहा बाहेर. पण ज्यांचा त्या प्रसंगात श्वास कोंडला होता, त्यांना श्वासाकडे लक्ष दिल्यानं उलट जास्त त्रास होऊ शकतो. त्यांनी ते सोडून पाय आणि तारीख एवढंच धरावं.

घरच्यांसाठी: मागून येऊन धरू नका. समोर येऊन नावानं हाक मारा, "आपण घरी आहोत, आज मंगळवार आहे" असं सांगा, आणि हात लावण्यापूर्वी विचारा. "विसर आता", "दुसऱ्यांचं बघ, त्यांचं किती वाईट झालं" ही दोन वाक्यं कुलूपबंद करून ठेवा. माझी ताई तीन महिने दुसरं वाक्य म्हणत होती. प्रेमानंच म्हणत होती.

टाळण्याचा हिशेब

टाळण्याचा नफा रोख मिळतो आणि तोटा उधारीवर चढतो. बसला नाही म्हटलं की त्याच क्षणी छाती मोकळी होते, म्हणून मेंदू शिकतो की टाळलं म्हणूनच वाचलो. बस रोज हजारो वेळा न उलटता स्टॉपवर पोचते, हे त्याला कळायची संधीच मिळत नाही. आधी रात्रीची बस सुटली, मग दिवसाची, मग रिक्षा, मग भाचीच्या शाळेचा कार्यक्रम, कारण तिथवर जायचं कसं. उधारी अशी वाढते.

फेडायची असेल तर हप्त्यानं. टाळलेल्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीपुढे 0 ते 100 आकडा लिहा आणि 30-40 च्या आसपासची एक निवडा. माझी पहिली पायरी होती उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये दारापाशी बसणं. मग मधल्या सीटवर. मग एक स्टॉप, नवऱ्याबरोबर. मग एक स्टॉप, एकटी. प्रत्येक पायरी अनेकदा, आणि त्रास चढत असताना मध्येच पळायचं नाही. तो उतरायला लागेपर्यंत, किंवा ज्याची भीती होती ते घडत नाही हे दिसेपर्यंत थांबायचं. निघण्याआधी "काय होईल असं वाटतंय" ते लिहा, आल्यावर "काय झालं" ते. एका पायरीवर मी महिनाभर अडकले, नंतर दोन पायऱ्या एका आठवड्यात झाल्या. वेळापत्रक पाळलं जात नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

इथे एक मोठा अपवाद आहे. धोका खरोखर चालू असेल, मारणारा माणूस त्याच घरात असेल, तर भीती बरोबर सांगते आहे. तिथे पायऱ्या चढायच्या नसतात. आधी सुरक्षित जागी जायचं, त्यासाठी मदत मागायची.

आणखी एक बारीक गोष्ट. गार पाणी, पाच वस्तू, या युक्त्या झटक्यासाठी आहेत. जराशी भीती वाटली की लगेच त्या वापरायला लागलो, तर तेही टाळणंच होतं. मी बसमध्ये मनातल्या मनात पाढे म्हणत बसायची आणि "जमलं" असं वहीत लिहायची. मॅडमनी पकडलं.

मागच्या तारखेची नोंद

हे लिहायला मी टाळाटाळ करत होते. बस सुटताना मी खिडकी हवी म्हणून शेजारणीशी जागा बदलली होती. ती माझ्या जागेवर बसली आणि तिचा पाय कायमचा गेला. मी वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही. रोज रात्री मात्र "मी जागा बदलली नसती तर" हे चालूच.

असे विचार भीतीइतकेच घट्ट धरून ठेवतात, आणि ते नुसतं "तुझी काय चूक" म्हणून जात नाहीत. ते सोडवायचीही रीत आहे. विचार एका वाक्यात लिहायचा: "माझ्यामुळे तिचा पाय गेला." मग खाली प्रश्न. त्या क्षणी मला काय माहीत होतं? काय माहीत नव्हतं? माझा हेतू काय होता? अपघातात आणखी कशाकशाचा वाटा होता? याच जागी ताई असती तर मी तिला काय म्हटलं असतं? पहिल्या प्रश्नावर मी बराच वेळ पेन धरून बसले. मला माहीत होतं ते एवढंच की खिडकीतून वारा येतो. बस उलटणार ही नोंद मी नंतर, निकाल कळल्यावर, मागच्या तारखेनं घुसडत होते. कार्यालयात कुणी अशी नोंद केली असती तर मी वही परत पाठवली असती.

दुःख त्यानं गेलं नाही. पण दुःख आणि अपराध ही दोन वेगळी खाती झाली.

रात्र

झोपेबद्दल थोडक्यात. उठण्याची वेळ एकच ठेवा. वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. दारू घेऊन झोपू नका. झोप लागते, पण ती तुटक होते आणि नंतरच्या प्रहरात स्वप्नं जास्त उसळतात. एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर दिवसा, उजेडात, त्याचा शेवट बदलून लिहा, आणि बदललेलं स्वप्न रोज दहाएक मिनिटं डोळ्यांपुढे आणा. माझ्या नव्या स्वप्नात बस उलटतच नाही, ती एका स्टॉपवर थांबते आणि चालक खाली उतरून चहा पितो. हास्यास्पद वाटलं तरी चालतं.

तज्ज्ञाकडे जाताना

आघातावर नेमकेपणानं काम करणारे उपचार आहेत. त्यांची नावं माहीत असली की विचारता येतं. प्रदीर्घ एक्स्पोजर: आठवण आणि टाळलेल्या जागा यांना पायरीपायरीनं सामोरं जाणं, साधारण 8 ते 15 सत्रं. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी: अडकलेले विचार सोडवणं, साधारण 12 सत्रं, माझं मागच्या तारखेचं काम याच पद्धतीचं. ईएमडीआर: आठवण मनात धरून डोळ्यांची डावी-उजवी हालचाल, फ्रान्सिन शापिरो यांनी तिच्यावरचा पहिला अभ्यास 1989 मध्ये छापला. "तुम्ही यांपैकी काय करता, किती जणांबरोबर केलंय?" हे पहिल्याच भेटीत विचारा. मी विचारलं नव्हतं. माझ्या पहिल्या समुपदेशकाकडे चार महिने नुसत्या गप्पा झाल्या. माणूस चांगला होता, त्रास तिथेच राहिला.

औषधांत सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीन यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाची पीटीएसडीसाठी मान्यता आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि ती मनानं एकदम बंद करायची नसतात. बेन्झोडायझेपाइन गटातल्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या या आजारावरचा उपाय म्हणून सुचवल्या जात नाहीत. त्या आधीपासून चालू असतील तर डॉक्टरांशी बोलूनच कमी करा. आणि प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सगळं बोलायला लावणं, यानं पीटीएसडी टळत नाही, काहींना त्रास वाढतो, असं आढळलंय. नको असेल तर नाही म्हणा.

उपचार सुरू झाले की पहिले काही आठवडे स्वप्नं वाढू शकतात. माझी वाढली, आणि मी सोडणार होते. तसं झालं तर न जाता गायब होऊ नका, जाऊन तेच सांगा.

वर्षाची तारीख

घड्याळ पुन्हा चालू आहे, पाच मिनिटं मागे. ते आता चालतं. त्या तारखेच्या आधीचा आठवडा मात्र अजूनही जड जातो: झोप तुटते, मी तिरसट होते, आणि दर वर्षी तीन-चार दिवस मला कळतच नाही की हे कशानं होतंय. म्हणून आता कॅलेंडरवर तो आठवडा आधीच खूण करून ठेवते, त्यात मोठी कामं घेत नाही, आणि दोन माणसांना सांगून ठेवते. यंदा खूण करायला गेले तर तिथे पेन्सिलनं एक छोटी फुली आधीच होती. नवऱ्याच्या अक्षरात बाजूला लिहिलं होतं, "बोटं."